कांजिण्या होऊन गेलेला माणूस

२ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. बहिणीला कमी ऐकू येऊ लागले की एक फायदा होतो, तिला पत्रे लिहावी लागतात. आमची कन्या म्हणते, आत्याला फोन लावून ओरडण्यापेक्षा तुम्ही लिहाच, निदान शेजाऱ्यांची झोपमोड तरी व्हायची नाही.

मुंगी बरी आहे. बरी म्हणजे त्या रोगाच्या हिशेबाने बरी. रक्ताच्या कर्करोगाला आता दीड वर्ष झाले. पहिले दहा महिने कसे गेले ते तुला ठाऊक आहे, पुन्हा लिहीत नाही. रोग आता वर्षभर गप्प आहे. घरी रोज गोळ्या, दर बुधवारी रक्त. डोक्यावर केस येऊ लागले आहेत, कापलेल्या गवतात नवी पाती दिसावीत तसे, आणि ती आरशासमोर उभी राहून ते मोजते. वय सहा, वजन साडेसोळा किलो, तोंड मात्र साठीतल्या बाईचे. काल माझ्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाशी येऊन म्हणाली की आजोबा, तुमची सगळी घड्याळं आजारी आहेत, यांचं रक्त कधी काढता.

मी तिला आपल्या तिसरीच्या पुस्तकातल्या कविता शिकवतो आहे. गुरुजी बाकावर उभे करून म्हणायला लावत ना, तशाच. कविता पाठ झाली की पोराच्या खिशात काहीतरी पडल्यासारखे वाटते, असे ते म्हणायचे. माझ्या खिशात आजही तेवढेच आहे.

आता मुद्दा. मार्चमध्ये ती पुन्हा शाळेत जाऊ लागली आणि तिच्या बाकावरच्या मुलीच्या घरी कांजिण्या निघाल्या. आम्ही लगेच तिला घरी ठेवले. तीन आठवडे रोज तिचे अंग तपासले. काही निघाले नाही. पण तेव्हा दवाखान्यात कळले की तुला-मला ज्या कांजिण्या खेळणे वाटल्या, त्या अशा मुलांच्या फुप्फुसात उतरतात आणि मग हाताबाहेर जातात.

यावर लस आहे. पण ती लस म्हणजे जिवंत जंतूच, अशक्त केलेला. मोठे डॉक्टर म्हणतात, या पोरीचे पहारेकरी आम्हीच औषधाने झोपवलेत, तिथे अशक्त जंतूही दांडगाई करील, गोळ्या चालू आहेत तोवर नको. त्यांच्या हाताखालच्या चष्मेवाल्या डॉक्टरीणबाई म्हणतात की रोग वर्षभर गप्प असेल, रक्तातल्या पेशी पुरेशा असतील, तर एक आठवडा आधी आणि एक आठवडा नंतर गोळ्या थांबवून देता येते, काही ठिकाणी दिलीही आहे. दोघेही चांगले, दोघेही खरे बोलणारे. शेवटी त्यांनी निर्णय आईबापांवर सोडला.

जावई म्हणतात देऊ. कन्या म्हणते, जिचा एका गोळीचा खाडा होऊ दिला नाही तिच्या गोळ्या दोन आठवडे बंद करायच्या आणि वर आपल्या हातांनी रोग टोचायचा, हे मला जमणार नाही. दोघे एकमेकांशी मिठाची बरणी दे इतकेच बोलतात.

तू अडतीस वर्षे पोरांना लसी टोचल्यास. तू म्हणशील तसे होईल, असे दोघेही म्हणाले. लवकर लिही.

मुंगीने तुला तीन पापे पाठवले आहेत, मोजून. माया जुनीच आहे, तिला तशीच सांभाळ.

तुझा,
धाकटा


९ मे

चि. कवीश्वर यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रात आधी गवताची पाती, मग गुरुजींचा बाक, आणि दुसऱ्या पानावर रोग. लहानपणी पण तू असाच होतास. घराला आग लागली असती तर तू आईला आधी ज्वाळांचा रंग सांगितला असतास.

मला निर्णय विचारू नका असं लिहायला बसले होते. पण मग वाटलं, तुम्ही तिघं त्या खोलीत एकमेकांकडे बघत बसणार, त्यापेक्षा म्हातारीच्या डोक्यावर टाका. तर ऐक. मी बर्फाची पेटी खांद्याला लावून दारोदार हिंडलेली बाई आहे. किती पोरांना टोचलं याचा हिशेब नाही. पण जी सुई टोचायच्या आधी कागदावर लिहिलेलं असतं की अशक्त पोराला देऊ नये, ती मी कधी दिली नाही, आणि कोणी दिलेली मला आवडली नाही. ही लस माझ्या वेळेला नव्हती. तरी खरं सांगते, मी मुंगीला टोचणार नाही. रोग त्याच्या पायांनी आला तर रडू. आपल्या हातांनी आणला तर आपल्या हातांकडे बघायचं कसं.

करायचं ते असं. पोरीला न टोचता तिच्याभोवती कुंपण घालायचं. घरात ज्याला कांजिण्या होऊन गेल्या नाहीत त्या प्रत्येकाला लस द्यायची. मोठ्या माणसाला ती चालते. दिल्यावर कोणाच्या अंगावर पुरळ दिसलं तर त्यानं पोरीपासून लांब राहायचं. शाळा बंद, गर्दी बंद. आणि कुठं संपर्क आलाच तर चार दिवसांच्या आत दवाखाना गाठायचा. तयार संरक्षणाचं एक इंजेक्शन असतं, ते वेळेत दिलं तर रोग सौम्य होतो. हे चार दिवस कन्येला भिंतीवर लिहून ठेवायला सांग.

कन्येला झाल्या नव्हत्या, मला आठवतं. जावयांना विचारून घ्या. तुझी काळजी नाही. तू नऊ वर्षांचा असताना डोक्यापासून तळव्यापर्यंत फुलला होतास. खाजवू नये म्हणून आईनं तुझ्या हातात मोजे घातले होते आणि तू छताकडे बघून कविता म्हणत होतास. एकदा झाल्या की झाल्या. घरात तूच एक पक्का आहेस, तेव्हा मुंगीजवळ तू बसायचं.

माझ्या डाव्या डोळ्यावर पडदा आला आहे. जूनअखेर शस्त्रक्रिया, मग आठ दिवस पुतणीकडे राहीन.

मुंगीचे पापे मिळाले, एक जास्तच होता. सगळ्यांना जवळ घेते, लांबूनच.

तुझी,
अक्का


२४ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र अण्णांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिला परिच्छेद दोनदा वाचला, आणि दोन्ही वेळा स्वतःच हसले.

तुम्ही म्हणालात तसंच केलं. मुंगीला लस दिली नाही. मी घेतली, यांनीही घेतली. यांना लहानपणी काय झालं होतं ते सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. मी आठ दिवस रोज सकाळी न्हाणीघरात दिव्याखाली उभी राहून स्वतःचं अंग तपासत होते. एक डाग दिसला तेव्हा दोन दिवस शेजारणीकडे झोपले. तो ढेकूण निघाला.

आत्या, तुम्हाला लिहू नये पण लिहिते. तुमचं पत्र वाचून झाल्यावर हे इतकंच म्हणाले की न टोचणं हेसुद्धा आपल्याच हातांनी करतोय. मग पाण्याच्या टाकीवर ड्यूटीला निघून गेले. तेव्हापासून ते वाक्य घरात फिरतंय. मी भाजी चिरताना समोर येऊन बसतं. पण तुमचा शब्द होता म्हणून मला निदान झोप तरी लागते.

घर आता असं आहे. बाहेरून आलं की चपला जिन्यात, कपडे बादलीत, हात कोपरापर्यंत. पाहुणे दारातूनच. मुंगी खिडकीतून रस्त्यावरच्या मुलांना नावं ठेवते. मी शिवणकामाच्या कारखान्यात जाते तेव्हा ती सगळा वेळ अण्णांच्या खोलीत असते. चार्ट केलाय आम्ही, कोणी तिच्या किती जवळ जायचं त्याचा. अण्णांच्या नावापुढे तिनं स्वतः लिहिलंय, पक्के. त्यांना त्याचा भारी अभिमान. परवा दूधवाल्यालाही सांगत होते.

डोळ्याची काळजी घ्या. औषध घालताना मान वर करून थोडं पडून राहायचं, हे मी नर्सबाईंना शिकवते आहे असं समजू नका.

तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

तुमची,
भाची


२७ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

डोळा उघडला की हे पहिले पत्र वाच.

इकडे दिवस फार गोड चालले आहेत, इतके की लिहायला भीती वाटते. मुंगीला अकरा कविता पाठ झाल्या. पण ती माझ्यासारखी ऐकून घेत नाही, वाद घालते. ढगावरच्या कवितेत ढग पांढरा पडून पर्वतावर टेकतो ना, तिथे तिने मला थांबवले आणि विचारले की ढगाचे रक्त कमी झाले होते का. मी म्हटले, असेल. मग तिने सुचवले की कवीने पुढच्या कडव्यात त्याला एक बाटली चढवायला हवी होती. साठ वर्षे मी ती कविता म्हणतो आहे, अक्का, आणि त्या ढगाकडे मी नुसता बघत राहिलो. पोरीने त्याला भरती करून घेतले.

सकाळी मी डोळ्याला भिंग लावून टेबलाशी बसतो, ती पायाशी चटईवर. माझ्याकडे आता दुरुस्तीला फारसे कोणी येत नाही, जुनी भिंतीवरची दोन-चार घड्याळे तेवढी येतात. तिला चाके पुसायला देतो. एक चाक हरवले तर म्हणाली की ते घरी गेले असेल.

माझी एक छोटी तक्रार. वीस तारखेला डाव्या कुशीत आग होऊ लागली. मला वाटले चाके धुवायचे पेट्रोल सदऱ्यावर सांडले होते त्याने भाजले. मग पाण्याचे फोड आले, पाठीच्या मणक्यापासून बेंबीपर्यंत अर्धा पट्टाच. तेविसाला खालच्या न्हाव्याने पाहिले आणि म्हणाला, काका, ही नागीण आहे, उतारवयात होते, आपोआप जाते. दुखते मात्र विलक्षण. कन्येला सांगितलेले नाही. तिच्या डोक्याला आहे तेवढे पुरे, आणि ती लगेच मला दवाखान्यात नेऊन बसवील, मग मुंगीजवळ कोण. घरात बसण्याजोगा मी एकच आहे.

मुंगीला मात्र माहीत आहे, आमचे ते गुपित आहे. औषधवाल्याने गुलाबी लोशन दिले, ते तीच रोज कापसाने लावते. माझ्याहून हळू लावते. प्रत्येक फोडाला विचारते, दुखलं का, संपलं आता, शूर आहेस तू. हे सगळे ती त्या दवाखान्यातून शिकली. मी डोळे मिटून पडतो आणि वाटते, आपल्याला कोणी असे कधी जपले होते. आईने, बहुतेक. त्या मोज्यांच्या वेळी.

उत्तराची घाई नाही, डोळा सांभाळ. आठवण असली की पुरे, ती तू ठेवतेसच.

तुझा,
धाकटा


५ जुलै

चि. अण्णास,

पुतणीकडून आज सकाळी घरी आले. तुझं पत्र दाराखाली पडलं होतं. एका डोळ्यानं वाचलं.

हे वाचताक्षणी ऊठ आणि मुंगीला घेऊन दवाखान्यात जा. तिला काही झालेलं नसलं तरी जा. नागीण आणि कांजिण्या एकच आहेत. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा जंतू अंगातून जात नाही, मणक्याजवळच्या शिरेत झोपून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. त्या फोडांतल्या पाण्यात तोच असतो. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला त्यातून कांजिण्या होतात.

डॉक्टरांना सांग, फोड तेविसाला होते, वीसला सुरू झाले असतील, आणि ती हातानं लोशन लावत होती. काही लपवू नकोस. चार दिवस केव्हाच गेले, तरी गोळ्या सुरू करता येतात, पुरळ दिसायची वाट बघू नका. तिला तुझ्या खोलीत येऊ देऊ नकोस.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तीन वेळा तुमच्याकडे फोन लावायला लावला. तो म्हणतो, घंटी वाजत राहते, कोणी उचलत नाही. सकाळी नाही, दुपारी नाही, आत्ताही नाही. घरात कोणीच नाही म्हणजे तुम्ही कुठे आहात ते मला कळतंय.

मला हे माहीत होतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. मी तुम्हाला विचारलं, कोणाला झाल्या नाहीत. ज्याला झाल्या त्याच्या अंगात त्या अजून आहेत, हा पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही. मीच तुला तिच्याजवळ बसवलं.

अक्का


१० जुलै

ती. आत्यास,
सा. न.

तुमचं पत्र परवा आलं. अण्णा माझ्याबरोबर दवाखान्यात होते, म्हणून पोस्टमननं ते यांच्या हातात दिलं. यांनी जिन्यातच उघडलं. म्हणून हे मी लिहिते आहे, अण्णा नाही.

मुंगीला तीन तारखेला ताप आला, पोट दुखायला लागलं. चारला सकाळी पेरभर केसांत पहिला फोड सापडला. तासाभरात आम्ही तिथं होतो. शिरेतून औषध लगेच सुरू केलं. सगळं लवकर केलं, आत्या, सगळं वेळेत केलं, कुठून आलं तेवढंच कळत नव्हतं. मी कारखान्यातल्या प्रत्येकीला आठवून बघत होते. मी घेतलेली लसच माझ्या अंगातून तिला गेली असं मी चार दिवस समजत होते. यांनी मला दोष दिला नाही, वादही घातला नाही, नुसते बाकावर शेजारी बसून राहिले.

आता फुप्फुसात आहे, यकृतातही. काल दुपारपासून श्वासाच्या यंत्रावर आहे. मोठे डॉक्टर आमच्याशी बोलताना आता खाली बसून बोलतात. आधी उभे राहून बोलायचे.

तुमचं पत्र यांनी चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं आणि मला जेवताना सांगितलं. आम्हाला दोघांनाही वाटतं, अण्णांना हे कळू नये. ते सकाळी सातला येऊन काचेबाहेरच्या खुर्चीवर बसतात. कुणी ऐको न ऐको, तिच्या कविता ओळीनं म्हणतात. त्यांना हे कळलं तर मला एका आठवड्यात दोघं घालवावी लागतील. तुम्ही पुन्हा लिहाल तेव्हा त्यात नागिणीचं नाव काढू नका. तुमचं पत्र मिळालंच नाही असं आम्ही ठरवलं आहे.

लस दिली असती तर, हे यांनी एकदाही म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी विचारलं डॉक्टरांना. ते म्हणाले, कदाचित हे टळलं असतं, कदाचित मे महिन्यातच लसीनं हे केलं असतं, मला माहीत नाही. मला माहीत नाही असं म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला.

तुम्हाला दोष देत नाही. द्यायला जागाच शिल्लक नाही.

भाची


२४ जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मुंगी गेली. पंधरा तारखेला, सकाळी साडेनऊच्या सुमारास. कन्येने कळवलेच असेल. मी काचेबाहेर होतो. आत नर्सबायांची हालचाल झाली, मग थांबली. मी एका कवितेच्या मध्यावर होतो, ती तिथेच राहिली.

तुझे पत्र मला मिळालेले नाही. घरात तसे ठरले आहे आणि मी ते पाळतो. पण तुझ्याशी खोटे लिहिणार नाही. आठ तारखेलाच डॉक्टरीणबाई खुर्चीशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, आजोबा, जरा सदरा वर करता का. फोड वाळून खपल्या झाल्या होत्या. त्यांनी पाहिल्या, सदरा स्वतःच्या हाताने नीट खाली केला आणि उठल्याच नाहीत, बराच वेळ. मी विचारले. मग त्यांनी तुझ्या पत्रातले सगळे सांगितले, आणि जावयांना ते माझ्यापासून लपवायचे आहे हेही. मी त्यांना विनंती केली की मला कळले आहे हे घरी बोलू नका. तेव्हा आता असे आहे, की लेक-जावई मला कळू नये म्हणून जपतात, आणि त्यांचे जपणे वाया जाऊ नये म्हणून मला काही कळलेले नाही. जेवायला बसतो तेव्हा तिघेही फार सांभाळून बोलतो. जावई मला आग्रहाने वाढतात. तो घास कसा उतरतो ते लिहिता येत नाही.

तू पुढचा प्रश्न विचारला नाहीस हे तू मनाला लावून घेतले असणार, मी तुला ओळखतो. तू घेऊ नकोस. तू मला बस म्हणालीस म्हणून मी बसलो नव्हतो. मला बसायचेच होते. नागीण कन्येला दाखवली असती तर मला तिच्यापासून उठवले असते, हे मनात कुठेतरी ठाऊक होते म्हणूनच दाखवली नाही. काळजी वाचवण्याचे मी निमित्त केले. एवढे फक्त तुला लिहितो.

बंद पडलेल्या घड्याळाचे झाकण उघडून मी गिऱ्हाईकाला दाखवू शकतो की बघा, या दातापाशी अडले. इथे कितीही उघडले तरी दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. लस द्यायला हवी होती की नको, मला आजही सांगता येत नाही.

काल दाखला आणायला दवाखान्यात गेलो होतो. बुधवार होता. बाकावर बसचालक बसले होते, दर बुधवारी भेटायचे ते, त्यांची चार वर्षांची लेक मांडीवर, डोक्याला रुमाल. त्यांना कळले होते. लेकीचा रुमाल सारखा करून त्यांनी विचारले, तुम्ही ती लस दिली होती का. मी नाही म्हटले. मग त्यांनी विचारले, आम्हाला पण आता ठरवायला सांगितलंय, तुम्ही काय म्हणता, देऊ का. सगळ्या हॉलमध्ये त्यांना विचारायला माझ्याहून शहाणा माणूस दिसला नाही, अक्का.

मी द्या म्हटले नाही, देऊ नका म्हटले नाही. दोन्ही डॉक्टरांना एकत्र बसवून विचारा इतके म्हटले. आणि विचारले, घरात म्हातारे कोणी आहे का. ते म्हणाले, आई आहे, हिला तीच सांभाळते. तेव्हा मी त्यांना सांगितले की रोज सकाळी आईला पाठ आणि पोट दाखवायला सांगत जा, एक फोड दिसला तरी लेकीला तिच्या हातून काढून घ्या, ती कितीही रडली तरी. ते ओशाळले. आईला असे कपडे वर करायला कसे सांगू, म्हणाले.

मी म्हटले, सांगा, एका म्हाताऱ्याने दाखवले नव्हते.

उत्तर सावकाश लिही, डोळ्याला ताण देऊ नकोस. आणि लिहिशील ते कन्येच्या नावाने लिही.

तुझा,
धाकटा